भूल देणारा हात

शस्त्रक्रिया म्हटली की रोग्याला गाढ झोपवितात, अशी आपली समजूत असते. परंतु पुष्कळ शस्त्रक्रियांच्या वेळी रोगी जागा असतो. केवळ हात, पाय किंवा कमरेखालचा भाग बधिर केलेला असतो. ज्या मज्जातंतूंवाटे वेदनेची वार्ता मेंदूकडे जाते, त्यांच्याजवळ औषध टोचून ती वाट काही काळ अडविणे, हीच प्रादेशिक भूल होय. औषध कुपीत तयार मिळते. ते नेमक्या जागी पोचविण्याचे कौशल्य मात्र डॉक्टरांना कष्टाने मिळवावे लागते.

या विद्येच्या आद्य अभ्यासकांनी स्वतःचा देहच प्रयोगासाठी पुढे केला. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब स्वतःच्या डोळ्यात घालून तो बधिर होतो, हे पडताळून पाहिले. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी आपले सहायक हिल्डेब्रांट यांच्याकडून स्वतःच्या पाठीच्या कण्यात सुई टोचून घेतली. ऐन वेळी पिचकारी सुईवर बसेना. औषध सांडले आणि कण्यातील द्रवही वाहून गेला. मग बिअर यांनी हिल्डेब्रांट यांना सुई टोचली, आणि त्यांच्या पायांना पेटलेल्या सिगारचा चटकाही जाणवेना! बिअर यांना मात्र पुढे कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरूण धरावे लागले.

साधने आधी तपासावीत, हा त्या प्रसंगातील धडा आजही शिकाऊ डॉक्टरांचा पहिला पाठ आहे. त्यानंतर ते शरीररचना अभ्यासतात आणि मृतदेहावर मज्जातंतूंचे मार्ग पाहतात. पूर्वी हाडांच्या खुणांवरून व रोग्याला येणाऱ्या झिणझिण्यांवरून जागेचा अंदाज बांधीत. १९९४ मध्ये व्हिएन्नातीलच डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने खांद्याजवळील मज्जातंतूंना भूल देण्याची रीत प्रसिद्ध केली. म्हणून आता शिकणारे प्रथम एकमेकांच्या हातांवर यंत्र फिरवून पडद्यावरील चित्र ओळखतात, कृत्रिम नमुन्यावर सुईचे टोक नजरेआड न होऊ देण्याचा सराव करतात, आणि मगच गुरूच्या देखरेखीखाली रोग्याकडे वळतात.

येथे चुकीला क्षमा थोडी. औषध रक्तवाहिनीत शिरले तर ओठ बधिर होतात, कानांत नाद घुमतो, झटके येतात, प्रसंगी हृदयही थांबते. म्हणून वजन पाहून मात्रा ठरवितात, पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहतात, औषध थोडेथोडे सोडतात आणि रोग्याशी सतत बोलत राहतात. टोचताना तीव्र कळ आली, तर हात तत्काळ थांबला पाहिजे. सुई लावण्यापूर्वी उजवी बाजू की डावी, हेही पुन्हा एकदा विचारतात.

विद्यार्थिमित्रहो, आम्हांस यात एक मोठी गोष्ट दिसते. हात कितीही सराईत झाला तरी प्रत्येक वेळी विचारून, तपासूनच पुढे जावयाचे, ही सवय अंगी बाणणे म्हणजेच खरे शिक्षण होय.