गणिताची पदवी आणि विम्याचा हिशेब

आपल्या समाजातील कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्यांची मुले-मुली आता मोठ्या संख्येने कॉलेजात जाऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी काही गणित घेऊन बी. एस्सी. होतात. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी घरात प्रश्न उभा राहतो, 'आता पुढे काय?' उत्तरे दोनच ठरलेली असतात. बी. एड. करून शाळेत शिकवावे, नाहीतर अब्बांच्या गाळ्यावर बसावे. दोन्ही कामे इज्जतीचीच आहेत. पण तिसराही एक रस्ता आहे. तो बहुतेक पालकांना माहीत नसतो, म्हणून आज आम्ही त्याची ओळख करून देत आहोत.

हा रस्ता आहे ॲक्च्युअरीचा, म्हणजे विमागणितज्ञाचा. विमा कंपनीने हप्ता किती घ्यावा, पुढची देणी फेडायला आज किती रक्कम बाजूला ठेवावी, हे ठरविणारा हा माणूस असतो. त्याच्याशिवाय कोणतीही विमा कंपनी चालू शकत नाही. काम कसे असते ते एका उदाहरणाने पाहू. कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

समजा, एका शहरात १,००० दुकाने आहेत. दरवर्षी ५०० दुकानांमागे एकाला आग लागते आणि प्रत्येक आगीत ५ लाखांचे नुकसान होते. म्हणजे वर्षाला सरासरी २ आगी आणि १० लाखांचे नुकसान. प्रत्येक दुकानदाराने १,००० रुपये दिले की हिशेब जुळला. इतके गणित आपला मुनीमही करील. पण आगी दरवर्षी मोजून दोनच लागत नाहीत. कधी एकही लागत नाही, तर कधी चार लागतात. संभाव्यतेच्या नियमाने काढले, तर चार किंवा त्याहून जास्त आगींचे वर्ष साधारण सात वर्षांतून एकदा येते. त्या वर्षी जमा १० लाख आणि देणे २० लाख किंवा अधिक! पेढी बुडाली.

आता दुकाने १,००० ऐवजी १ लाख धरा. सरासरी आगी २००. यातील चढ-उतार मात्र सरासरीच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १४ चा असतो. दोन आगींच्या हिशेबात हा चढ-उतार सुमारे ७० टक्के होता, इथे तो ७ टक्क्यांवर आला. दुकाने वाढली तसा अंदाज पक्का झाला. विम्याचा सारा धंदा या एका नियमावर उभा आहे आणि हा नियम बी. एस्सी.च्या पुस्तकात शिकविलेला असतो.

पण थांबा. हा नियम केव्हा खरा? एका दुकानाची आग दुसऱ्या दुकानाला लागत नसेल तेव्हाच! भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना हे सांगायला नको. एका शेडमध्ये अनेक माग, एकच वायरिंग आणि शेजारी सुताचा साठा असेल तर एक ठिणगी सगळे घेऊन जाते. तिथे वर्गमुळाचा नियम लावणारा फसतो. पुस्तकावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हे उशिरा कळते, कारागिराच्या मुलाने ते लहानपणापासून पाहिलेले असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की पदवीचे गणित आणि घरातल्या धंद्याचे ज्ञान एकत्र आले तर आपली मुले या क्षेत्रात कोणाच्याही मागे राहणार नाहीत. म्हणून 'दुकानात बसून वेळ वाया गेला' असे मुलाने समजू नये. नोकरीच्या मुलाखतीत तेच ज्ञान कामाला येते.

आता रस्त्याची माहिती. भारतात ॲक्च्युअरींची संस्था १९४४ साली स्थापन झाली. २००६ च्या कायद्याने तिला 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया' हे आजचे रूप मिळाले. तिचे कार्यालय दूर दिल्लीला नसून नवी मुंबईत आहे. १९९९ च्या कायद्यानंतर विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि या कामाची मागणी वाढली. सुरुवात 'एसेट' नावाच्या प्रवेश परीक्षेने होते. तिच्यात गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, आकडेवारीचा अर्थ लावणे आणि तर्क हे विषय असतात. बारावी झालेलाही ती देऊ शकतो. त्यानंतर एकेक पेपर सोडवत जायचे असते. संख्याशास्त्र आणि विमागणित तर आहेच, शिवाय व्यवसायाचे अर्थकारण आणि हिशेबही आहेत. काही पेपरांचा एक भाग कॉम्प्युटरवर द्यावा लागतो, म्हणून एक्सेल आणि 'आर' ही संगणक भाषा आताच शिकायला घ्यावी.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. या परीक्षा कठीण आहेत. हुशार मुलेही नापास होतात आणि सगळे पेपर संपायला अनेक वर्षे लागतात. पहिल्या नापासीनंतर 'पुरे झाले, ये दुकानात' असे म्हणून मुलाला ओढू नये. काही पेपर पास झालेल्यांना विमा कंपन्या आणि सल्लागार संस्था शिकाऊ म्हणून घेतात. तेव्हा कमाई आणि अभ्यास बरोबर चालू शकतो.

ज्यांना इतकी वर्षे थांबणे शक्य नाही त्यांनी लहान पायरी धरावी. म्युच्युअल फंडाचे वितरक होण्यासाठी 'निस्म' या संस्थेची परीक्षा असते. १०० गुण, दोन तास, पास व्हायला ५० गुण. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. यातून बाजाराची ओळख होते आणि हातात एक प्रमाणपत्र येते.

व्याजाचे काय, असा प्रश्न अनेक वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. कोणते काम घ्यावे, कोणते टाळावे, हे ज्याने त्याने जाणकार आलिमांना विचारून ठरवावे. मात्र हे ध्यानात असावे की मलेशियात १९८४ साली तकाफुलचा, म्हणजे परस्पर मदतीच्या विम्याचा, कायदा झाला आणि त्या कंपन्यांनाही ॲक्च्युअरी लागतोच. मुंबई शेअर बाजारानेही २०१० मध्ये शरियतच्या कसोटीवर निवडलेल्या ५० कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. हुनर असेल तर निवडीला वाव राहतो. हुनरच नसेल तर निवड कसली?

शेवटी एक छोटा गृहपाठ. ज्यांच्या घरी गणिताचा पदवीधर आहे त्यांनी गेल्या तीन वर्षांची उधारीची वही त्याच्यासमोर ठेवावी आणि विचारावे, 'बाळा, शंभर रुपयांच्या उधारीतले किती बुडतात? कोणत्या महिन्यात जास्त बुडतात? मग मालाला भाव काय लावू?' त्याने नीट उत्तर काढले तर तुमच्या दुकानाचा फायदा आहेच. आणि त्याच दिवशी त्याच्या नव्या कामाचा पहिला धडाही झालेला असेल.