गारगोटीची गुलाबी बहीण : रोझ क्वार्ट्झ

बालमित्रांनो, आपल्या नांदगावच्या माळरानावर काळ्या दगडांत पांढऱ्या गारगोट्या सापडतात. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की मंद उजेड दिसतो. याच गारगोटीची एक बहीण गुलाबी असते. तिचे नाव रोझ क्वार्ट्झ, म्हणजेच गुलाबी स्फटिक.

दोघी बनतात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांपासून. मग एकीलाच गुलाबी रंग कसा? रोझ क्वार्ट्झमध्ये एका गुलाबी खनिजाचे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे सगळा दगड गुलाबी आणि थोडा धुरकट दिसतो.

आता प्रश्न येतो, हा दगड आपल्या डोंगरात का सापडत नाही? आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. लाव्हारसातले वायूचे बुडबुडे पोकळ्या बनून राहिले. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्यांत झिरपले आणि गारगोटी, अकीक, झिओलाइट असे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात. रोझ क्वार्ट्झ मात्र जमिनीत खोलवर, ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या सोबतीने तयार होतो. ब्राझील आणि मादागास्कर हे देश त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

खडकांचा कठीणपणा मोह्ज मापनश्रेणीवर 1 ते 10 असा मोजतात. शंखजिरे 1, हिरा 10 आणि क्वार्ट्झ 7. काच साधारण साडेपाच. म्हणून क्वार्ट्झने काचेवर ओरखडा उठतो.

जत्रेत गुलाबी काचही 'रत्न' म्हणून विकली जाते. भिंगातून पाहा. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच समजा. हा दगड जवळ ठेवला की आजार बरे होतात, असेही कोणी सांगेल. त्याला विज्ञानात पुरावा नाही. दगड सुंदर आहे, एवढे पुरे! आजारी पडलात तर डॉक्टरांकडेच जायचं.

करून पाहा : गारगोटीने जुन्या काचेच्या बाटलीवर हलकेच रेघ ओढा. मोठ्यांना सोबत घ्या. दगड फोडू नका, कपची डोळ्यात उडते.

सांगा पाहू : नखाचा कठीणपणा सुमारे अडीच आहे. मग नखाने गारगोटीवर ओरखडा उठेल का? का?