‘सुकाणू नवंच समजा!’

जुनी शिडाची होडी विकणारा माणूस ‘सुकाणू नवंच समजा’ असं म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा. सुकाणू खरंच नवं असतं, तर त्याने बिल दाखवलं असतं. मला हे वाक्य मुंबईकडच्या एका गृहस्थांनी ऐकवलं. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. ते हे वाचतील आणि त्यांना कळेल, तेवढं पुरे.

यवतमाळात शिडाची होडी कशाला, असं विचारणाऱ्यांना आधी उत्तर देतो, कारण हा प्रश्न त्या गृहस्थांनीही विचारला होता आणि वर हसलेही होते. पैनगंगेवर इसापूर आहे, पुसदजवळ पूस आहे, दिग्रसजवळ अरुणावती आहे आणि बाभूळगाव तालुक्यात खडक सावंग्याजवळ बेंबळा आहे. पावसाळा सरता सरता या जलाशयांवर जो वारा असतो, तो खाडीतल्या माणसाने एकदा येऊन बघावा. आणि होडीशी माझी ओळख आजची नाही. नागपुरात कॉलेजात असताना नेव्हल एनसीसीत अंबाझरीवर वल्ही मारून हाताला घट्टे पाडून घेतलेले आहेत.

होडी होती एंटरप्राइज. जॅक होल्टने १९५६ साली आखलेली, सव्वातेरा फुटांची, दोघांनी चालवायची, निळ्या शिडांची. आपल्याकडे क्लबांत आणि नेव्हल एनसीसीत कित्येक पिढ्या याच होडीवर शिकल्या. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या, तेव्हा एंटरप्राइज हा त्यातला एक वर्ग होता. माझी होडी त्याच जमान्यातली, मरीन प्लायची. सांगाडा उत्तम होता, आजही आहे. सुकाणूवर पांढराशुभ्र रंग चकाकत होता. बाकी सगळी होडी उन्हाने विटलेली आणि सुकाणू तेवढं नवरीसारखं नटवलेलं कसं, असं मी विचारलं. त्यावर उत्तर आलं, ‘अहो, मुद्दाम तुमच्यासाठी रंगवून घेतलं.’

आता बेंबळ्यावर काय झालं ते सांगतो. दुपारनंतर पश्चिमेला आभाळ काळं झालं. आम्ही, म्हणजे मी आणि माझा भाचा, किनाऱ्याकडे वळलो. वावधन आलं ते आमच्या अंदाजापेक्षा लवकर आलं. होडी कलली आणि वाऱ्याच्या तोंडावर जाऊ लागली. अशा वेळी करायचं ते केलं : शीड सैल सोडलं, सुकाणूची दांडी ओढली. कडकन आवाज झाला आणि दांडी हातात एकदम हलकी झाली. शिडाची होडी चालवलेल्या कोणालाही त्या हलकेपणाचा अर्थ सांगावा लागत नाही. सुकाणूचं पातं, ते धरणाऱ्या दोन फळ्यांच्या, म्हणजे गालांच्या, खालच्या कडेशी तुटून दोरीला लोंबत होतं.

पुढचं थोडक्यात. मोठं शीड उतरवलं, पुढचं ठेवलं, मागे वल्हं धरून त्याचं सुकाणू केलं आणि जिथे वारा नेईल तिथे लागलो. एका भोई दादाने डोंगा घालून दोर घेतला आणि काठाशी आणलं. पोरगं घाबरलं नाही. मी घाबरलो होतो, पण त्याच्यासाठी.

खरा धक्का काठावर बसला. तुटलेलं पातं मी उलटं करून पाहिलं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग ताजा होता, पिवळसर, रेषा सुटलेला. उरलेला भाग काळा, गुळगुळीत आणि बुरशीचा वास येणारा. म्हणजे तो भाग त्या दिवशी तुटलेलाच नव्हता. नखाने रंग उचकटला, तर खाली गाडीच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी. पुट्टीखाली लोखंडाची एक पट्टी, तिला लोखंडी स्क्रू आणि त्यांच्या डोक्यांवर चंदेरी रंग. मधले प्लायचे थर भिजलेल्या पापडासारखे सुटून येत होते. डोंगेवाले दादा शेजारी उभे होते. त्यांनी बोटाने ती काळी कड दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘भाऊ, हे लाकूड आज नाई मोडलं. हे पयलेच मोडेल हाये. रंग मात्र मस्त मारला.’

मी तिथेच चिखलात बसलो. पैशांचं नंतर. सुकाणू आधी एकदा मोडलेलं आहे हे माहीत असताना, त्यावर रंग फासून, त्या माणसाने ते एका पोराच्या जिवाखाली दिलं होतं.

संध्याकाळी फोन केला. आधी म्हणाले, ‘तुम्ही कुठेतरी खडकावर घातली असेल.’ मी काळ्या कडेबद्दल सांगितलं. मग म्हणाले, ‘तुमच्याकडच्या कोरड्या हवेत लाकूड टिकतच नाही.’ मी लोखंडी पट्टीबद्दल विचारलं. मग आलं ते खास वाक्य : ‘बघा, तुम्हा विदर्भवाल्यांना पाण्याची सवय नसते. सुकाणू चालवणाऱ्याच्या हातून मोडतं.’ मी फोटो पाठवले. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. नंतर एका समाईक ओळखीच्याकडून कळलं की ‘यवतमाळवाल्याने चांगली बोट मोडली’ असं ते चारचौघांत सांगतात.

चालवणाऱ्याच्या हातून मोडतं, म्हणे! लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा अधिकारी मुलींनी ‘तारिणी’तून पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यात बांधलेली ती नौका २०१८ मध्ये परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला पोर्ट लुईसला न्यावी लागली होती. त्यांना काय पाण्याची सवय नव्हती? सुकाणू हा होडीचा भरपूर ताण सोसणारा आणि सगळ्यात कमी पाहिला जाणारा भाग आहे. पाण्याखाली असतो तेव्हा दिसत नाही, पाण्याबाहेर असतो तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात असतो.

म्हणून, माझ्यावर बेतलं ते तुमच्यावर बेतू नये यासाठी :

विकत घेताना पातं गालांतून बाहेर काढायला लावा. मधला बोल्ट काढायला दोन पाने लागतात, ते सोबत न्या. ‘जाम झालाय’ असं उत्तर आलं तर ते उत्तरच समजा. पातं हातात घेऊन किल्लीने वरपासून खालपर्यंत ठोका. चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. मग तीन जागी नखाएवढा रंग खरवडा : बोल्टच्या भोकाभोवती, खालच्या टोकाला आणि जिथे पातं गालांतून बाहेर येतं त्या रेषेवर. ही तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. पात्याला वाकवणारा सगळा जोर तिथे एकवटतो, आणि माझंही तिथेच गेलं. खरवडलेल्या जागी टोच्या दाबून पाहा. तो सहज आत शिरला, तर पातं गेलेलं आहे. खरवडू देत नसतील, तर नमस्कार करून निघा.

सुकाणू होडीला लावून पात्याचं खालचं टोक धरा आणि डावीउजवीकडे हलवा. ठकठक वाजलं, तर मागच्या फळीवरच्या कड्या आणि त्यात बसणाऱ्या पिना झिजल्या आहेत. कड्या फळीला नुसत्या स्क्रूने नकोत, आरपार बोल्टने हव्यात, आतून मोठा वॉशर किंवा लाकडी ठोकळा हवा. वरच्या पिनेपेक्षा खालची थोडी लांब असली की पाण्यात सुकाणू लावताना एका वेळी एकच पीन शोधावी लागते. होडी उलटली तर सुकाणू निसटून तळाला जाऊ नये म्हणून अडकवणारी क्लिप असते. ती आहे का पाहा. माझ्या होडीला नव्हती. विचारलं तेव्हा ‘ती लागत नाही’ असं सांगण्यात आलं होतं.

स्टीलबद्दल. आपल्याकडच्या दुकानात ‘एसएस’ म्हणून जे मिळतं, ते बऱ्याचदा २०२ असतं, जिन्याच्या कठड्याचं. लोहचुंबक लावून काही कळत नाही, २०२ ला चुंबक फारसा चिकटत नाही. ३०४ मागा, बिलावर लिहून घ्या. धरणाच्या गोड्या पाण्याला ३०४ पुरतं. समुद्रावर नेणार असाल, तर ३१६.

नवं पातं करायचं तर प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. मरीन प्लाय म्हणजे तोच. या प्लायला बहात्तर तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. दुकानदार आयएस ३०३ दाखवून ‘वॉटरप्रूफच आहे साहेब’ म्हणेल. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला वापरा. मी प्लाय सोडून सागाच्या पट्ट्या जोडून पातं केलं. ज्या जिल्ह्यात वणी-पांढरकवड्याचं सागवान आहे, तिथे मुंबईच्या पुट्टीवर विसंबायचं कशाला? पट्ट्या जोडताना रेषा उलटसुलट ठेवायच्या, म्हणजे पातं पिळवटत नाही. सागाला अंगचं तेल असतं, त्यावर गोंद धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसा, आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही. आमचे मिस्त्री पांढरा गोंदच वापरू म्हणत होते, ‘पलंग टिकतात की साहेब.’ पलंग पाण्यात राहत नाही. दोन भागांचं इपॉक्सीच हवं.

बोल्टचं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने पूर्ण भरा, घट्ट झाल्यावर मधून योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे लाकडाच्या उघड्या तोंडाला पाणी लागतच नाही. जुनी पाती बहुतेक वेळा याच भोकातून कुजायला लागतात.

आता ‘कोरडी हवा’. या एका बाबतीत ते गृहस्थ अर्धे खरे होते, पण त्यांच्या सोयीपुरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, लाकूड आकसतं, रंगाला केसाएवढ्या चिरा पडतात. मग मृग लागला की त्याच चिरांतून पाणी आत. ही आकस-फुग दरवर्षी होते, आणि सुकाणू तिनेच मरतं. म्हणून उन्हाळ्यात सुकाणू टिनाच्या शेडखाली ठेवू नका. घरात, सावलीत, भिंतीला टांगून ठेवा. सिमेंटच्या फरशीवर उभं करू नका, खालचं टोक ओल शोषतं. रंग पांढराच द्या, गडद रंग उन्हात तापतो. आणि सगळी डागडुजी थंडीत उरका. भर उन्हाळ्यात कालवलेलं इपॉक्सी ब्रश लावायच्या आत वाटीतच तापून दगड होतं.

रस्त्याने नेताना सुकाणू काढून गाडीत घ्या. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

पाण्यावर पातं पूर्ण खाली असलं पाहिजे. अर्धवट वर आलं की दांडी एकदम जड होते आणि गालांवरचा ताण वाढतो. आपल्या धरणांत बुडालेल्या बाभळींची खोडं असतात, शिवाय मासेमारांची जाळी. म्हणून पातं खाली धरणारी दोरी अशी ठेवा की खोड लागलं तर सुटेल आणि पातं वर उचललं जाईल. ती लगेच पुन्हा ओढा. वल्हं कायम सोबत, लाइफ जॅकेट अंगावर, बाकावर नको. सुकाणू गेलं तर शिडांनीही वळता येतं : मागचं शीड आवळलं की नाक वाऱ्याकडे जातं, पुढचं आवळलं की वाऱ्यापासून दूर. हा सराव शांत दिवशी करून ठेवा. पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या आणि मासेमार सोसायटीशी बोलून जाळी कुठे आहेत ते विचारा. अडचणीत पहिला डोंगा त्यांचाच येतो, मुंबईहून कोणी येत नाही.

आणि बाकी तेच, जे सगळे सांगतात : आपल्या वस्तूची निगा आपण राखावी, विश्वास ठेवावा पण तपासून.

जुनी होडी विकणाऱ्यांना एकच विनंती आहे. सुकाणू मोडलेलं असेल तर मोडलेलं म्हणून विका. किंमत कमी येईल, घेणारा नवं करून घेईल. आणि घेणाऱ्यांनो, विदर्भातले असा की वर्सोव्याचे, रंग खरवडू न देणाऱ्याकडून होडी घेऊ नका.