गाणे एका खोलीत, बोट दुसऱ्या खोलीत

आमच्या इंदूरच्या घरी काकांचा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आहे. लाखेच्या त्या जुन्या मुद्रिका मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, आणि एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे न मावणाऱ्या. बालगंधर्वांची पदे आहेत, केसरबाई केरकरांचे ख्याल आहेत, हिराबाई बडोदेकरांची गाणी आहेत. काही वर्षांपूर्वी घरातील तरुण मंडळींनी एकेक मुद्रिका वाजवून ते सारे संगणकात उतरवून घेतले आणि तो संगणक पुढील दिवाणखान्यात ध्वनिवर्धकांना जोडून ठेवला. व्यवस्था चोख होती. पुढे काकांच्या खुब्याचे हाड मोडले आणि त्यांचा पलंग मागील खोलीत हलवावा लागला.

दिवाणखान्यातील गाणे त्या पलंगापर्यंत स्पष्ट ऐकू येई. अडचण ऐकण्याची नव्हतीच, निवडण्याची होती. गाणे तीन मिनिटांत संपावयाचे, आणि काकांना तेच पुन्हा हवे असावयाचे, नाही तर त्याच रागातील दुसरे. प्रत्येक वेळी कोणास तरी हाक मारणे आले. पहिल्या आठवड्यात हाका पुष्कळ आल्या, दुसऱ्यात थोड्या. पुढे दिवाणखाना चार-चार दिवस मुका राहू लागला, तेव्हा आमच्या लक्षात आले की काकांनी मागणेच सोडून दिले आहे. विचारले असता म्हणाले, “तुम्हाला कामे असतात.” त्यांना गाणे नकोसे झाले नव्हते, दर तीन मिनिटांनी कोणाचे तरी उपकार घेणे नकोसे झाले होते. या गोष्टीपायी आम्ही जो खटाटोप केला, त्यातून जे शिकावयास मिळाले ते येथे मांडीत आहोत. ज्यांच्या घरी असे कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, त्यांस ते उपयोगी पडावे.

प्रारंभी एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. फोनवरून गाणे लावणे याचे अर्थ दोन आहेत. एकात गाणे फोनमध्येच असते, अथवा फोनमार्फत येते, आणि ब्लूटूथच्या योगाने फोन ते ध्वनिवर्धकाकडे पाठवितो. येथे गवई फोनच. तो खोलीबाहेर दूर नेला की गाणे तुटते, कोणाचा फोन आला की गाणे थांबते. दुसऱ्या प्रकारात गाणे संगणकात असते, संगणकच ते वाजवितो, आणि फोन केवळ निरोप नेतो. फोन येथे गवई नव्हे, जासूद आहे. “थांब”, “पुढचे लाव”, “आवाज इतका ठेव” एवढेच चार-दोन शब्द तो पोहोचवितो. गाण्याचा एक सूरही त्याच्यातून जात नाही. म्हणून निरोप पोहोचल्यावर फोनची बॅटरी संपली तरी गाणे अखंड चालू राहते. काकांना हवा होता तो हा दुसरा प्रकार.

काकांनी प्रथम विचारले की दूरचित्रवाणीचा असतो तसला रिमोटच का नको? प्रश्न रास्त होता. तसल्या बहुतेक रिमोटमधून डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो, आणि प्रकाशाला भिंत ओलांडता येत नाही. १९५६ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीने जो रिमोट काढला, त्यात प्रकाशही नव्हता आणि बॅटरीही नव्हती. आत ॲल्युमिनियमच्या लहान कांड्या होत्या. कळ दाबली की हातोडीचा ठोका कांडीवर पडे आणि माणसाच्या कानांना ऐकू न येणारा उंच नाद निघे. तो नाद दूरचित्रवाणी ऐके. परंतु जवळपास नाण्यांचा किंवा किल्ल्यांचा खुळखुळाट झाला तर तोही आपल्यालाच हुकूम आहे असे ती कधीकधी समजे. हुकूम कोणी दिला हे यंत्रास कळत नाही, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

भिंत ओलांडावयाची तर रेडिओलहरी हव्यात, आणि त्या आता वाय-फायच्या रूपाने घरोघरी आहेत. घरातील राउटर प्रत्येक यंत्रास एक पत्ता देतो. हे पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. केवळ घरगुती उपयोगासाठी राखून ठेवलेल्या आकड्यांपैकी ते आहेत, आणि ही राखण १९९६ सालच्या नियमाने झाली आहे. एकच पत्ता म्हणूनच हजारो घरांत नांदू शकतो. घराबाहेर त्याला अर्थ नाही. पत्त्यापुढे आणखी एक आकडा असतो, त्यास पोर्ट म्हणतात. पत्ता हे घर मानले तर पोर्ट हे त्या घराचे विशिष्ट दार होय. संगणकातील गाणे वाजविणारा कार्यक्रम त्या दाराशी कान देऊन बसतो, आणि फोन तेथे येऊन निरोप सांगतो.

आम्ही योजिला तो कार्यक्रम व्हीएलसी. पॅरिस येथील एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या उद्योगातून १९९६ साली त्याचा आरंभ झाला, आणि २००१ पासून तो सर्वांस विनामूल्य खुला आहे. हे दार त्यात मुळातच बसविलेले असते, पण बंद असते. ते उघडण्यासाठी संगणकावर ‘टूल्स’मधील ‘प्रेफरन्सेस’ उघडावे आणि खालच्या कोपऱ्यात ‘ऑल’ निवडावे. मग सर्व बारीकसारीक गोष्टी दिसू लागतात. ‘इंटरफेस’खालील ‘मेन इंटरफेसेस’मध्ये ‘वेब’ या शब्दापुढे खूण करावी. त्याच्याच पोटातील ‘ल्यूआ’मध्ये शिरून ‘ल्यूआ एचटीटीपी’खाली पासवर्ड लिहावा. पासवर्ड न लिहिल्यास हा कार्यक्रम कोणासच आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे. सारे जतन करून व्हीएलसी बंद करावे व पुन्हा सुरू करावे. त्या वेळी विंडोज अनुमती विचारील; ती खासगी जाळ्यापुरतीच द्यावी.

मग संगणकाच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात जाऊन संगणकाचा पत्ता पाहावा. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, त्यापुढे विसर्गचिन्ह आणि ८०८० हा पोर्टचा आकडा लिहावा. नाव विचारले तर ती जागा मोकळी सोडावी. पासवर्ड तेवढा द्यावा. फोनवर एक पान उघडते. संगणकावर जी यादी लावून ठेवली असेल ती त्या पानावर दिसते, आणि नावावर बोट टेकले की दिवाणखान्यात ते गाणे सुरू होते. आवाजाची पट्टीही तेथेच असते. पडद्यामागे कार्यक्रम शंभर टक्के आवाजास २५६ हा आकडा धरतो, पण त्याची वाचकांस चिंता नको. मात्र ते पान पुढच्या वेळी सहज सापडावे म्हणून फोनच्या मुख्य पडद्यावर त्याची खूण अवश्य करून ठेवावी. वृद्ध मनुष्याकडून रोज पत्ता टंकावयास लावणे म्हणजे त्यास पुन्हा परावलंबी करणे होय.

एवढे सारे अर्ध्या तासात झाले. खरे काम पुढेच होते, आणि त्याची आम्हांस कल्पना नव्हती. काकांनी फोन हाती घेतला, यादी पाहिली आणि खाली ठेवला. यादीत ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ अशी शेकडो नावे ओळीने होती. जो दिवाणखान्यात जाऊन मुद्रिकेवरील कागद वाचीत असे, त्यास या यादीतून काय कळणार? आम्ही तीन रविवार खर्च केले. काका पलंगावरून ऐकून गायकाचे नाव, राग आणि चीज सांगत, आणि आम्ही प्रत्येक धारिकेस देवनागरीत नाव देत असू. प्रथम राग, मग गायक, मग पहिले शब्द, असा क्रम त्यांनीच ठरविला. रागाप्रमाणे यादी लागली की सकाळचे गाणे सकाळी सापडते. दोन ठिकाणी मुद्रिकेवरील रागाचे नावच चुकीचे छापले आहे असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही त्यांचे म्हणणे लिहिले. यंत्राच्या बाबतीत कोणीही मदत करील, परंतु ही नावे लिहिण्याचे काम ज्याचा संग्रह त्याच्याशेजारी बसूनच करावे.

विघ्ने आली ती थोडक्यात सांगतो. फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर गेला की निरोप पोहोचत नाही. घरगुती पत्ता बाहेरून सापडत नाही हे वर सांगितलेच आहे. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय असेल तर त्यावरूनही बहुधा हे साधत नाही. संगणक झोपी गेला तर कान देणाराच उरत नाही, म्हणून पडदा विझू द्यावा, पण झोप बंद ठेवावी. सर्वांत त्रास दिला तो पत्त्याने. एकदा वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने संगणकास दुसराच पत्ता दिला; काकांची खूण जुन्या दारावर ठोठावीत राहिली. राउटरमध्ये विशिष्ट यंत्रासाठी विशिष्ट पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. ती आम्ही आधीच करावयास हवी होती.

ज्यांस लिनक्स अवगत आहे त्यांनी २००३ साली आरंभ झालेला एमपीडी हा कार्यक्रम पाहावा. त्याला स्वतःचा चेहराच नाही. तो ६६०० या दारी कान देऊन बसतो आणि गाणे वाजवितो, चेहरा फोनवर. पडदा नसलेल्या लहानशा रास्पबेरी पायवरही तो उत्तम चालतो.

आता हुकमाची गोष्ट. पासवर्ड ठाऊक असलेला प्रत्येक जण संगणकाच्या लेखी काकाच. आमच्या नातवाने एके दुपारी गच्चीवरून आवाज पूर्ण चढविला, तेव्हा घर दणाणले आणि संगणकाने निमूटपणे आज्ञा पाळली. शेवटचा निरोप तोच खरा, एवढाच त्याचा न्याय. हा पासवर्ड जाताना गुप्त लिपीत जात नाही, म्हणून तो इतरत्र कोठे वापरलेला नसावा. आणि राउटरमधून बाहेरच्या जगास हे दार उघडून देण्याचा मोह कोणी सुचविला तरी टाळावा. देवळाच्या सभामंडपात संगणकावरून भजने लावीत असतील तेथेही ही युक्ती चालते, आणि तेथे तिचा वेगळाच लाभ आहे. यंत्राजवळ, ध्वनिवर्धकाच्या तोंडाशी बसलेल्यास मागील ओळीत काय ऐकू येते हे कळत नाही. फोन घेऊन मागे उभे राहिले की श्रोत्यांच्या कानांनी आवाज ठरविता येतो. मात्र त्या वेळी फोन एकाच्याच हाती असावा.

काकांनी कुमार गंधर्वांना देवासला समोर बसून ऐकले आहे, आणि त्यांच्या गाण्याची यादी आता वेगळी केली आहे. झोप येत नाही तेव्हा पहाटे तीन वाजता ते ती लावतात. आवाज इतका कमी ठेवतात की त्यांच्या खोलीपर्यंत तो जेमतेम पोहोचतो. परंतु दिवाणखान्यात जे झोपतात त्यांना तो पुरेसा ऐकू येतो. त्या पट्टीवर रात्री काटा कोठे असावा, याबद्दल घरात अद्याप एकमत झालेले नाही.