१४४ हर्ट्झचा हट्ट

आई-बाबांनो, घरात गेमिंग मॉनिटर आला आणि थोड्याच दिवसांत "हा अडकतोय, दुसरा घ्या" अशी कुरकुर सुरू झाली, तर रागावण्याआधी एक गोष्ट तपासा. खोक्यावर १४४ किंवा १६५ हर्ट्झ छापलेला मॉनिटर कितीतरी घरांत ६० हर्ट्झवरच चालू असतो. मूल खोटं बोलत नसतं आणि मॉनिटरही बिघडलेला नसतो. पहिल्यांदा जोडताना विंडोजने सावधपणे ६० धरलेले असतात आणि नंतर ते कोणी बदललेलेच नसतात. ज्या गोष्टीचे पैसे मोजले, ती घरात येऊन नुसतीच पडून आहे.

हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा. शाळेत वहीच्या कोपऱ्यात पानापानावर माणूस काढून पानं फरफर सोडली की तो पळायला लागायचा. पानं जितकी जास्त, तितकं पळणं सफाईदार. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला जेमतेम ७.

"आम्ही सेकंदाला २४ चित्रांचे सिनेमे बघत मोठे झालो, आमचं काही अडलं नाही," असं तुमच्या मनात येईल आणि ते रास्तच आहे. पण सिनेमा आपण नुसता बघतो. शिवाय कॅमेऱ्याने टिपलेल्या हालचालीत मुळातच थोडा पुसटपणा असतो, त्यामुळे चित्रं एकमेकांत मिसळून जातात. खेळात हात गुंतलेला असतो. माऊस वळवला आणि स्क्रीन किंचित मागून वळली, तर ते हाताला लगेच कळतं. 'काउंटर-स्ट्राइक' किंवा 'व्हॅलरंट' खेळणारी मुलगी म्हणते की समोरचा दिसतो तोवर उशीर झालेला असतो, तेव्हा तिच्या बोलण्यात तथ्य असतं. तेवढं मान्य करा. मुलांना या विषयात घरचं कोणी आपलं ऐकून घेतंय, हे फार क्वचित अनुभवायला मिळतं.

आता तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात सिस्टम, मग डिस्प्ले आणि खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. दोन स्क्रीन जोडल्या असतील तर वर योग्य मॉनिटर निवडायचा. तिथेच रिफ्रेश रेटची, म्हणजे याच हर्ट्झच्या आकड्यांची, यादी असते. त्यातला मोठा आकडा निवडा. स्क्रीन क्षणभर काळी होईल, घाबरू नका. बदल ठेवायचा का, असं विंडोज विचारतं आणि काहीच उत्तर मिळालं नाही तर काही सेकंदांत स्वतःच आधीच्या आकड्यावर परत जातं. बदल झाला की माऊसचा बाण गोल गोल फिरवून बघा. हा फरक तुमच्याही डोळ्यांना दिसेल.

यादीत ६० च्या पुढे काही नसेल, तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा ती जिथे खोचली त्या जागेचा. माझ्या मते बहुतेक घरांत मॉनिटर बदलायची घाई इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. टॉवरच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या जवळ, मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट असतो. त्याच्या खाली, आडव्या ओळीत, खेळाची चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे पोर्ट असतात. महागडं कार्ड घेऊन केबल मात्र वरच्याच पोर्टात खोचलेली, असं सर्रास घडतं. ती खाली जोडा. दुसरं, एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीवर फुल एचडीला बहुतेक वेळा १२० हर्ट्झपर्यंतच मजल जाते. १४४ ला सहसा एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो, आणि काही मॉनिटर तर पूर्ण वेग फक्त डिस्प्लेपोर्टवरच देतात. ज्या पिनेचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, ती डिस्प्लेपोर्टची. जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी घेतलेला अडॅप्टर मध्ये असेल तर तो काढून टाका. एवढं करूनही आकडा दिसला नाही, तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा करून घ्या आणि मॉनिटरच्या बटणांतला मेनूही एकदा चाळा. काही मॉनिटरांत वरचा वेग तिथून सुरू करावा लागतो.

मॉनिटर १४४ चा झाला म्हणून खेळ १४४ चा होत नाही. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ५० चित्रंच तयार करत असेल, तर स्क्रीनवर नवी चित्रं ५०च येणार. खेळाच्या सेटिंगमध्ये सावल्या आणि इतर सजावट कमी केली की हा आकडा चढतो. त्याला एक पैसाही पडत नाही.

प्रत्येक खेळाला हा वेग लागतो असंही नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा भारताच्या तीर्थ मेहताने 'हार्थस्टोन'मध्ये कांस्यपदक मिळवलं. हा पत्त्यांचा खेळ आहे, त्यात डाव विचार करून टाकायचा असतो. तुमचं मूल असंच काही खेळत असेल, तर ६० हर्ट्झवर त्याचं काहीच अडत नाही.

डोळ्यांचं मात्र स्पष्ट सांगते. हर्ट्झ वाढवल्याने तीन तास खेळणं निर्धोक होत नाही. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, आणि हे ६० लाही होतं, १४४ लाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायला लावा, आणि उजेड असताना रोज बाहेर पाठवा.

पुढची मागणी २४० हर्ट्झची येईल. तेव्हा नाही म्हणायच्या आधी कागद घ्या आणि मुलालाच गणित करायला सांगा. ६० वरून १४४ वर गेलं की प्रत्येक चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलं तर तीनसुद्धा वाचत नाहीत. मग खेळातला फ्रेम, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, मोजणारा आकडा चालू करून त्याचं कार्ड आत्ता १४४ पर्यंत तरी पोचतंय का, ते दोघांनी मिळून बघा.