रब्बी ज्वारी : फुलोऱ्यासाठी ओल राखून ठेवा

सोलापूर, मंगळवेढा, बार्शीकडची रब्बी ज्वारी पाऊस थांबल्यावर काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. हस्ताचा पाऊस संपला की पुढे काढणीपर्यंत तीच शिल्लक पुरवायची. ज्वारीच्या अंगात काटकसरीचे आनुवंशिक गुण भरपूर आहेत. प्रश्न आहे तो आपण पेरणीत आणि मशागतीत त्यांना साथ देतो का, याचा.

माती कोरडी पडू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. त्याच्या इशाऱ्याने पानांवरची रंध्रे मिटतात, बाष्प बाहेर जाणे कमी होते आणि एरवी गप्प असलेली शेकडो जनुके जागी होतात. काहींमुळे पेशीत प्रोलीनसारखी द्रव्ये साठून पाणी धरले जाते, काहींमुळे मेणाचा थर वाढतो. ताटावर बोट फिरवल्यावर लागणारी पांढरी भुकटी म्हणजे हेच मेण. पण रंध्रे मिटली की पानाचा गारवाही जातो आणि पान तापते. म्हणून पाण्याचा ताण आणि उष्णतेचा ताण सहसा जोडीने येतात. तापलेल्या पेशीत उष्माप्रथिने तयार होतात आणि बाकीच्या प्रथिनांची घडी मोडू देत नाहीत. पान यातून निभावते. परागकण मात्र नाजूक. ऐन फुलोऱ्यात झळ बसली तर परागकण वांझ होतात, दाणे धरत नाहीत आणि मागाहून दिलेले पाणी ती भर काढत नाही.

दाणा भरताना ओल तुटली की पाने खालून वाळत वर येतात. दाण्यासाठी ताटातली साखर ओढली जाते, अशक्त झालेल्या ताटात बुरशी शिरते, पीक लोळते. हाच आपला खडखड्या. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या बी-३५ या वाणाची पाने अशा वेळीही हिरवी राहतात. शास्त्रज्ञांनी या गुणाशी निगडित असे गुणसूत्रांवरचे चार मुख्य भाग शोधले. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: ही ताटे फुटवे कमी धरतात, वरची पाने आटोपशीर ठेवतात, त्यामुळे फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्चतात आणि ते दाणा भरताना कामी येते. म्हणजे जनुक पाणी निर्माण करत नाही, ते मागे ठेवते. दाट पेरलेल्या रानात ही शिल्लक शेजारचे ताट पिऊन टाकते.

म्हणून एकरी ४ किलो बियाणे पुरे; अंतर ४५ बाय १५ सेंटिमीटर. दाट असेल तर वेळीच विरळणी करा, जीव कळवळला तरी.

वाण जमिनीची खोली पाहून घ्या. हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माउली लवकर पक्व होऊन ओल संपण्याआधी सुटतात. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेली जुनी मालदांडी ३५-१. खोल भारी जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा. शेजाऱ्याच्या भारी रानात डोलणारा वाण तुमच्या मुरमाड तुकड्यात डोलेलच असे नाही.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार लवकर पेरले तर खोडमाशीने पोंगे मरतात, उशीर झाला तर दाणा भरण्याच्या वेळी खाली ओल नसते. काणीसाठी किलोभर बियाण्याला ३०० मेशचे गंधक ४ ग्रॅम चोळा. मध्यम कोरडवाहू जमिनीत हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीने द्या. नंतर वर फेकलेला युरिया कोरड्या मातीत नुसता पडून राहतो.

कोळपणीत हयगय नको. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी कोळप्याने. तिसरी पाळी अनेकजण टाळतात, आणि ओल उडते ती नेमकी तेव्हा पडणाऱ्या भेगांतूनच. एकच पाणी देणे शक्य असेल तर ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत असताना द्या.

ज्वारी बहुतांशी स्वपरागी असल्याने सरळ वाणाचे बी घरचे धरता येते. काढणीआधी रानातून फिरा आणि हिरव्या ताटांना खुणा करा, पण दोन गोष्टी पाहून. बांधालगतचे किंवा खोलगट जागेतले ताट हिरवे असेल तर ती तिथल्या ओलीची करामत. आणि कणीस अर्धे रिकामे असेल तर ताट हिरवे राहणारच, कारण दाण्याने त्यातून काही ओढलेलेच नसते. आजूबाजूची ताटे वाळलेली, कणीस मात्र गच्च भरलेले आणि वरची पाने अजून हिरवी, अशाच ताटाचे बी वेगळे बांधा.