बुलढाण्याहून ‘स्वदेस’च्या घाटावर

प्रश्न : दिवाळीत सहकुटुंब गाडीने मेणवलीला जायचंय. एका दिवसात गाठावं का?

उत्तर : गाठता येईल, पण गाठू नका. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, वाई हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. शिवाय पुण्याची कोंडी. समृद्धीमुळे वेळ वाचेल म्हणाल, तर तो रस्ता पुण्याला जातच नाही. अहिल्यानगरला मुक्काम करा. खोलीभाडं खटकेल, पण अंधारात पोचून पाहणार काय? ‘स्वदेस’मध्ये (२००४) दिसलेला कृष्णाकाठचा दगडी घाट सकाळीच बघावा. चित्रपटाचा सेट मात्र शोधत बसू नका. त्यापेक्षा नाना फडणवीसांचा वाडा आणि चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेतली पोर्तुगीज घंटा निवांत पाहा. आजी-आजोबा सोबत असतील तर पाण्यालगतच्या पायऱ्यांवर जपून, तिथे पाय घसरतो.